खेळाबाहेर

मला फुटबॉल येत नव्हता, फ्रेंच येत होतं.
तेवढ्यावर कारखान्याने मला रोज साडेचारला
मैदानावर उभं केलं,
साडीवर पांढरे कॅनव्हासचे बूट, हातात वही.

लुसियाँ गार्रेक. वय एकेचाळीस.
ब्रेस्तच्या गोदीतल्या वेल्डरचा मुलगा.
दुसऱ्या श्रेणीत अकरा हंगाम, एकशे तीन गोल;
पहिल्या श्रेणीत एक सामना, एक गोल,
तोही पंचाने पुसलेला.
हे पुष्कळ नंतर कळलं.
पहिल्या दिवशी त्याने एवढंच विचारलं,
चेंडू किती?
चौदा, मी म्हटलं.
आणि नदी किती लांब?

भिंतीपलीकडे उतार, उताराखाली विश्वामित्री,
विश्वामित्रीत मगरी.
तिकडे गेलेला चेंडू आपला नाही, हे बडोद्यात पोराटोरांना ठाऊक.
तो भिंतीवर चढून बराच वेळ बघत राहिला.
मग म्हणाला, मादाम गोर्पादे,
यांना उंच मारायचं नाही हे शिकवावं लागणार नाही.

सहाव्या दिवशी त्याने मातीत काठीने रेघ ओढली:
ऑर-झ्यू.
ऑफसाइड हा शब्द मुलांना पाठ होता,
मला नव्हता.
मी शब्दापुढे शब्द ठेवला: खेळाबाहेर.
खुमान राठवा, सोळा वर्षांचा, छोटा उदेपूरचा,
रेघेच्या पलीकडे नेमका तोच उभा.
त्याने मुकाट्याने बूट सोडले, पिशवीत घातले,
सायकलकडे निघाला.
गार्रेक मागे धावला,
तीनदा चिरलेला गुडघा घेऊन,
आणि मी दोघांच्या मागे, निऱ्या धरून,
नाही रे, तसं नाही, असं ओरडत.

त्या संध्याकाळी सेव-उसळीच्या गाडीवर
तिखटाने आलेलं पाणी पुसत तो बोलला:
आघाडीवरच्या माणसाचं सगळं अर्ध्या पावलात असतं.
शेवटच्या बचावपटूला इतकं खेटून उभं राहायचं
की त्याचा घाम ओळखीचा व्हावा.
आधी निघालास तर चोर,
उशिरा निघालास तर प्रेक्षक.
दुसऱ्या दिवशी मुलांना सांगताना
मी चोर ठेवला, प्रेक्षक ठेवला, घाम गाळला.
बाईमाणसाने काय काय सांगावं, असं वाटलं तेव्हा.
घामच सांगायला हवा होता.

आणि तो पुसलेला गोल? मी विचारलं. पंच चुकला?
त्याने पाव मोडला, रश्श्यात बुडवला, खाल्ला.
नाही. बूटभर पुढे होतो मी.

प्रशिक्षक म्हणून तो कधी ओरडला नाही.
हात खिशात, चेहरा पोस्टमास्तरचा.
फक्त बाकाखाली त्याचा उजवा पाय
खुमानच्या आधी हलायचा.
आधी हा पाय, मग मैदानात तो पाय, मग जाळं.
तीन हंगाम मी सामना असाच पाहिला,
खाली मान घालून.

अंतिम सामना रेल्वेशी. दोन मिनिटं उरलेली.
खुमान सुटला, चेंडू आत,
आणि लाईनमनचा झेंडा वर.
आमचा सगळा बाक उभा राहिला.
मी वर्गात कधी न शिकवलेले शब्द मराठीत ओरडले.
गार्रेक बसून होता.
त्या वेळी खुमान आधी निघाला होता, पाय नंतर.
हे आम्हा दोघांनाच माहीत.
शिट्टीनंतर तो खुमानजवळ गेला,
त्याच्या बुटाची नाडी बांधून दिली.
भाषांतर करण्यासारखं काही नव्हतं.

कारखान्याने संघ बंद केला. तो गेला
तेव्हा वहीत चेंडू चार.

आता तिथे खुमान मुलींना शिकवतो.
बाजारातून येताना भिंतीशी थांबते मी.
गुजरातीत चाललेलं असतं सगळं, मध्येच एकदम
मराठी: अरे वनिता, खेळाबाहेर!
त्या मैदानावर दुसरा शब्दच नाही त्याला.
माझी चूक आता नियम झाली आहे.

काल एक चेंडू डोक्यावरून नदीकडे गेला.
कोणी हललं नाही.
मॅडम, खुमानने आतून हाक दिली, आता किती राहिले?
भाजीची पिशवी खाली ठेवून
मी मोजायला लागले.