खोर

रास अल खैमात खाडीला खोर म्हणतात.
पहिल्याच आठवड्यात नकाशावर
माझ्या हातून एक मात्रा जास्त पडली: खोरे.
नदी मात्र कुठेच नाही,
समुद्रच आत शिरलेला.

शेजारच्या टेबलावर नेकाने, बिल्बाओची.
गाळ मोजायला आलीय.
इबाई म्हणजे नदी, साबाल म्हणजे रुंद,
माझ्या डब्यातलं थालीपीठ मोडत सांगते.
तिकडे इबाईसाबाल आणि नेरबिओई
बासौरीला भेटतात,
आणि पुढच्या पाण्याला काय म्हणायचं
यावर अजून वाद.
"मग लिहितात काय?"
"नकाशा कोण काढतंय त्यावर आहे."

आमच्या कराडला वाद नाही.
कोयना समोरून येते, थेट,
छातीला छाती भिडवून,
आणि घाट संपतो तिथून
नुसती कृष्णा.

दुपारी ओळखपत्रं आली.
तिच्या कार्डावर वडिलांचं आडनाव, मग आईचं.
माझ्या कार्डावर
नवऱ्याचं नाव, नवऱ्याचं आडनाव,
आरबीत ते आणखी लांब दिसतं.

नकाशात वाळू होती तिथे
पेन्सिलीने बारीक लिहिलं: कोयना.
इद्रीस वाकून बघत म्हणाला,
ही वादी कुठली?
कुठपर्यंत जाते?

म्हटलं, संगमापर्यंत.