टेकू

पुण्याच्या कुठल्याशा कंपनीनं
धोपाव्याच्या अंगणवाडीला खेळण्यांचं खोकं पाठवलं.
झाकणावर मार्करनं: एकूण नग एकशे चौदा.
आत पाच-सहा घरांतली पोरं मोठी झाल्याचा पुरावा,
म्हणजे पाच-सहा जातींचे ठोकळे
एकमेकांची ओळख नसलेले.

सतरंजीवर ओतले आणि लावायला बसले,
रंगावरून नाही,
कोण कसा लागतो त्यावरून.

डोक्यावर बटणं नि पोट पोकळ, त्या विटा.
दाबल्या की टक्.
सोडवायला मात्र दात लागतात;
कितीतरी कडांवर अनोळखी दुधाच्या दातांच्या खुणा.
भोकाभोकांच्या पत्र्याच्या पट्ट्या,
बोल्ट तेवीस, नट नऊ.
खाचा पाडलेल्या चकत्या,
एकीनं आडवं व्हायचं तेव्हा दुसरी उभी राहणार.
आणि चुंबकाच्या फरशा,
बोटभर अंतरावरूनच ओढ घेणाऱ्या,
पाठ फिरवली की त्याच ढकलणाऱ्या.
ह्यांच्यापाशी मी जरा जास्तच वेळ बसले.

पोरांना वर्गवारी मान्य नव्हती.
त्यांना विटेला चकती हवी, चकतीला पत्रा.
अफीफाचा चुलता होड्या बांधतो,
ती म्हणाली, फटीत कापूस कोंबायचा, वरनं राळ.
राळ नव्हती.
दुसऱ्या दिवशी ती डबीतून फणसाचा चीक घेऊन आली.
सबंध सकाळ मी अकरा पोरांची बोटं
खोबरेल लावून एकमेकांपासून सोडवत होते.
त्यातल्या दोन विटा अजून सुटलेल्या नाहीत.
कंपनी वेगळी, देश वेगळा,
मध्ये आमच्या परड्यातला फणस.

आणि यज्ञेश.
त्याच्या हातात एक लाकडी ठोकळा आला, साधा, रंग उडालेला.
सहाही बाजू फिरवून बघितल्या.
बटण नाही, भोक नाही, खाच नाही,
लोखंडाजवळ नेला तर त्याला काहीच वाटेना.
"बाई, ह्यो कशालाच लागत नाय."
मी म्हटलं, ठेव बाजूला.

तेवढ्यात दाभोळहून फेरी आली.
तिनं जबडा खाली सोडला
नि उतारावर टेकवला.
इंजिन चालूच,
पत्रा सिमेंटवर किरकिरत, लाटेगणिक वीतभर सरकत,
आणि तेवढ्यावरून उतरल्या मोटारसायकली,
आंब्याच्या पेट्यांचा टेम्पो,
चप्पल हातात धरलेली एक नवी नवरी.
मग जबडा उचलला, गेली.

यज्ञेशनं खिडकीतून सगळं बघून घेतलं.
परत येऊन ठोकळा
त्या चिकट मनोऱ्याच्या माथ्यावर ठेवला,
हात काढला.
थोडा थांबला, पडतो का बघत.
"लागला नाय," म्हणाला, "बसला."

माझा नवरा टगवर असतो, कांडल्याला.
तीन महिन्यांनी येतो,
इंजिन चालूच ठेवून.
मी ते काही पोरांना सांगितलं नाही.
मनोरा मोडून ठोकळा पुन्हा खोक्यात टाकला.

सोमवारी मोजले तर एक कमी.
सतरंजी झाडली, कपाट सरकवलं,
पोरांचे खिसे उलटे केले: चिंचोके, एक नट,
सुकटीचं डोकं.

बुधवारी धाकट्याचं वजन करायला यज्ञेशच्या घरी गेले.
त्याची आई पडवीत मशीनवर होती,
परकराला नाडीची पट्टी घालत,
पायडल नेहमीच्या दुप्पट वेगानं.
मशीनच्या आखूड पायाखाली तो,
सहाही बाजूंनी गुळगुळीत.
"आता डुगडुगत नाय," यज्ञेश म्हणाला,
आणि मी काय म्हणते ते ऐकायला उभा राहिला.

मी बाळाचं वजन लिहिलं.
महिनाअखेरीस रजिस्टरात:
खेळणी, शिल्लक नग एकशे तेरा.
शेऱ्याच्या रकान्यात पर्यवेक्षिका बाई
गहाळ, मोडके किंवा फुटके एवढंच लिहू देतात.
मी लिहिलं: एक वापरात.