फाटक क्रमांक सदतीस

घराच्या कपाळावर अजून आकडा आहे,
निळ्या पत्र्यावर पांढरा, एका कोपऱ्यात गंज चढलेला.
रेल्वेनं घर विकलं तेव्हा
तो उतरवून न्यायला कोणी आलं नाही,
मीही आठवण करून दिली नाही.

आईच्या एका हातात झेंडी, दुसऱ्यात कांदे चिरायची सुरी.
सहा बाराची मालगाडी,
सात चाळीसला दुधाचे कॅन आणि शाळेची पोरं.
ती चाक फिरवायची, फाटक कुरकुरत खाली यायचं,
आणि पलीकडे कोणीही असो, थांबायचं.
डॉक्टरांची मोटार थांबली. बीट लादलेले ट्रॅक्टर थांबले.
एकदा अख्खी वरात थांबली,
तर नवरी खिडकीतून अर्धी बाहेर येऊन आईवर ओरडत होती,
आणि आई झेंडी धरून ढिम्म.

मग गाड्या बंद झाल्या. रूळ उखडले.
तेलकट स्लीपर लोकांनी बागेतल्या पायऱ्यांना नेले.
रूळ गेले, पण मी काही रुळले नाही.
सहा बाराला डोळा उघडतोच,
खिडकीत पॉप्लरची पानं तेवढी सळसळत असतात
आणि पांढऱ्या गाई कुंपणाशी
कुणाचंच काही देणं लागत नसल्यासारख्या उभ्या.

आता तिथे डांबराची अरुंद पट्टी आहे.
तोंडाशी दोन लाकडी खांब,
मोटारीचं नाक आत शिरू नये इतक्याच अंतरावर.
एप्रिल ते ऑक्टोबर सायकली जातात:
पुढे दोन थैल्या, मागे दोन, वर वाळत घातलेले मोजे.
म्हणतात, काय सुंदर वाट, कुठे चढच नाही!
चढ होता हो.
इंजिनाला झेपत नव्हता म्हणून
माझ्या आजोबांनी आणि आणखी तीनशे जणांनी
टेकडी पहारीनं कापली.
आजोबांना ती सपाटी चाकावरून बघायला मिळाली नाही.
ज्यांच्या गुडघ्यांना ती मिळाली, त्यांना मिळो.

काल अ‍ॅनाएल नावाची मुलगी आली, ब्रेस्टहून एकटी,
मागचं चाक बसलेलं.
मी मुळे धुतलेलं घमेलं तसंच पुढे केलं.
ट्यूब पाण्यात दाबत, फिरवत गेलो दोघी,
आणि व्हॉल्व्हपासून वीतभर अंतरावर
बारीक बुडबुड्यांची माळ.
सापडलं म्हटल्यावर ती अशी हसली
की मला फिर्मँ आठवला.

माझा भाऊ. तो बेकरीत होता.
रूळ उखडले आणि ही पट्टी झाली
यांच्यामध्ये एकोणीस वर्षं नुसते काटे माजले होते.
त्यातल्या अकराव्या वर्षी, जूनमध्ये, पहाटे,
मोठ्या रस्त्यावरून तो सायकलनं कामावर निघाला.
ट्रकवाला म्हणाला, दिसलाच नाही.
त्याच्या सायकलची घंटा माझ्या खणात आहे, चालते अजून.
मुलीच्या सायकलला घंटा नव्हती.
द्यावी वाटली.
दिली नाही. आलुबुखार दिले, पिशवीभर.

ती निघाली तेव्हा
गावाकडून दुधाचा टँकर उतारानं येत होता.
हल्ली पाटी सायकलींना सांगते थांबा,
मोटारींना कोणी काही सांगत नाही.
ती पिशवी हँडलला अडकवत होती, मान खाली.
मी रस्त्याच्या मधोमध कधी गेले मला कळलं नाही.
हात वर होता. हातात फडकं,
लाल नव्हे, चौकटीचं, मुळ्यांच्या मातीनं ओलं.

टँकर थांबला, गचका देऊन, माझ्यापासून चार पावलांवर.
मुलगी ओलांडून गेली,
मागे न बघता हात हलवत,
सरळ वाटेवर बराच वेळ दिसत राहिली, मग ठिपका.
तिबोनं काच खाली केली.
"मादाम, थांबायचं त्यांनी असतं, आम्ही नाही!"

माहीत आहे मला, म्हटलं.
आणि ठिपका दिसेनासा होईपर्यंत
हात काही खाली घेतला नाही.