रिपीटर बॅच, सेलू

खाली बी-बियाण्याचं दुकान, वर माझी शिकवणी.
पंख्याचं एक पातं वाकडं,
त्याच्या वाऱ्यानं गेल्या वर्षाचं कॅलेंडर भिंतीवर आपटत राहतं.
इंग्रजीत गेलेली अकरा जणं.
टू काढा, अनलेस वापरा, व्हॉइस बदला,
दरवर्षी तेच चार मार्क दारापर्यंत येऊन परत जातात.

आज सिमिली.
बर्फासारखं पांढरं, मी म्हणालो, आणि स्वतःच थांबलो.
बर्फ म्हणजे इथं रसवंतीवाल्याच्या पोत्यातला,
भुसा चिकटलेला.
मग कापूस घ्या, म्हटलं. कापसासारखं पांढरं.
मागच्या बाकावरून इस्माईल पिंजारी:
"कोणत्या वेचणीचा, सर?
पहिल्या वेचणीचा पांढरा. फरदडीचा पिवळट असतो,
जिनिंगवाले नुसता हात लावून भाव पाडतात."
पुस्तकातल्या उत्तरात वेचणी लिहायला जागा नव्हती.
मी त्याला खाली बस म्हणालो.
बरोबर होता तो.

मेटाफरला कुणी तोंड उघडेना.
मग दत्तराव म्हणाला, "सारखा काढून टाकला की झालं ना?"
झालं, म्हटलं.
त्यानं लगेच लिहून दाखवलं: माझा बाप सुतळी बॉम्ब आहे.
स्पेलिंग चुकलं होतं,
बाप बरोबर होता. मी त्याला ओळखतो.

शेवटची पंधरा मिनिटं वाक्यरचना.
फळ्यावर तीन चौकोन काढले: कर्ता, क्रियापद, कर्म.
इंग्रज माणूस काय केलं ते आधी सांगून टाकतो,
मग काय, कुठं, कधी.
आपण क्रियापद कनवटीला खोचून ठेवतो
आणि सगळं बोलून झाल्यावर काढतो.

आम्रपाली खिल्लारे पहिल्या बाकावर बसते.
वय चौतीस. अंगणवाडीत मदतनीस.
सेविका व्हायला बारावी लागते,
म्हणून खिचडीचं पातेलं घासून साडेपाचला येते,
बोटांची हळद वहीच्या कडेला उतरते.
कधी काही विचारत नाही.
आज म्हणाली,
"सर, ह्यांचा फोन आला होता चाकणहून. नऊ वर्षं झाली.
म्हणले, मी उद्या पैसे घेऊन...
अन् रेंज गेली."

पंखा. कॅलेंडर.

"येतो म्हणायचे होते का जातो,
ते अजून कळंना गेलंय मला.
पुन्हा लावला तर बंद. नंतर बंदच.
इंग्रजीत बोलले असते तर
तिथंच कळलं असतं, नाही का?"

एम.ए.ला मी एक शब्द पाठ केला होता,
अर्ध्यात तुटलेल्या वाक्याच्या अलंकाराचं नाव.
लांबलचक, ग्रीक. पेपरात दोन मार्कांना आला होता.
तो जिभेवर आला, मी गिळला.
असतं, म्हटलं. कळलं असतं.

तिनं वही ओढली, पट्टीनं समास आखला.
वर मराठीतलं वाक्य लिहिलं, त्याच्या खाली इंग्रजीतलं.
इस्माईलनं मान लांब करून पाहिलं
आणि त्याची त्यालाच लाज वाटून खाली घातली.

मराठीत रिकामी जागा शेवटी आली होती,
कागदाच्या अगदी कडेला, तिथून पुढं बाकाचं लाकूड.
इंग्रजीत आय, मग डॅश,
मग टुमॉरो, विथ द मनी.
पूर्णविराम तिनं दोनदा गिरवला होता.

"हे असंच जातं ना सर? ही मधी?"
खाली शटरचा आवाज झाला. दुकान बंद व्हायलं होतं.
अपूर्ण वाक्याला बोर्ड शून्य देतं, हे मी
जूनपासून सात वेळा तरी सांगितलंय या वर्गात.
लाल पेनाचं टोपण काढलं, परत लावलं.

"टुमॉरोत एक एम, दोन आर," म्हटलं.
"बरोबर लिहिलंत."