नकाशातलं तळं

नववा खंड शुक्रवारच्या बोटीने आला,
मेंढ्यांच्या औषधांच्या आणि कुणाच्या तरी नव्या कमोडच्या सोबतीने.
धक्क्यावर टॉर्फिनने तो दोन्ही हातांनी दिला.
"वीट आहे की काय यात, इंगा?"
वीटच. नऊशे बारा पानांची.
तेवीस वर्षं चाललेल्या बांधकामाची शेवटची.

पहिला खंड आला तेव्हा मी बावीसची होते
आणि सिगर्ड अजून माझा नव्हता.
आता तो पुन्हा माझा नाही.
वाटण्या झाल्या तेव्हा कर्कवॉलच्या वकीलबाईंनी
बोट विचारली, गाडी विचारली, कुत्रा विचारला.
आम्ही भांडलो ते फक्त पुस्तकांवरून.
पहिले चार त्याचे, लग्नाआधी घेतलेले.
पाचव्यापासून माझे.
म्हणून माझ्या फळीवर गोष्ट मधूनच सुरू होते
आणि त्याच्या फळीवर
एका जळत्या पुलावर थांबून राहते.

या बेटावर झाडं नाहीत,
त्यामुळे वारा घरंच हलवून बघतो.
मी दिवा जवळ ओढला.
पहिली शंभर पानं नुसती माणसं मोजली,
लग्नघरात शिरल्यावर मोजतो तशी:
कोण आलंय, कोण वाळलंय,
कुणाचं नाव कुणीच काढत नाहीये.
लेखकही म्हातारा झालाय. कळतं ते.
पूर्वी एका तलवारीला दोन पानं द्यायचा,
आता देतो गुडघ्यांना, सूपाला,
जिना चढताना राणी मधल्या पायरीवर
दम खाते, त्याला.

दिवेवाला ओर्व्हिन तिसऱ्या खंडात
'आलोच' म्हणून विहिरीत उतरला होता.
सिगर्ड म्हणायचा, मेला.
मी म्हणायचे, आलोच म्हणालाय ना?
जेवताना, जाळी विणताना, एकदा तर
त्याच्या काकांच्या दफनाहून परतताना गाडीत.
पान आठशे अकरा:
विहिरीच्या काठावर एक हात.
मी पुस्तक मिटलं. किटली चढवली. किटली उतरवली.
पैज जिंकावी
आणि वसुलीला समोर कुणीच नसावं.

शेवट ठीक आहे. सांगत नाही.
युद्ध जसं संपतं तसं संपलं,
काहीजण नको त्या जागी वाचले.
दोन वाजले होते, आणि हात आपोआप
मागची पानं चाळत राहिले:
आभार, वंशावळ, नकाशा.

मधल्या खंडांत नकाशा छापलाच नव्हता,
काटकसर असेल. हा नवा, रंगीत.
घाट जागेवर. सात बुरुज जागेवर.
पण बुरुजांच्या दक्षिणेला, जिथे तळं होतं,
तिथे कोरा कागद.
निजतळं. नाव मीच दिलं होतं,
लेखकाने दिलं नाही म्हणून.
एवढी सैन्यं गेली त्या बाजूने,
प्रत्येकाला मी मनातल्या मनात
काठाकाठाने वळसा घालायला लावला.
घोड्यांना पाणीसुद्धा पाजलं.

सिगर्ड मच्छीशेतीवर जायला चारला उठतो.
चारपर्यंत थांबले.
"इंगा? कोण गेलं?"
"कुणी नाही."
"मग सांगू नकोस काही. मी पाचशेवर आहे."
"पहिला खंड काढ. नकाशा. बुरुजांच्या खाली बघ."

जिना वाजला. खोकला. कुठलंसं खोकं सरकलं.
मग इतका वेळ काहीच नाही
की वारा त्याच्याकडचा की माझ्याकडचा, कळेना.
"आहे," तो म्हणाला.
"काय आहे?"
"चहा आहे तो, इंगा. माझ्याकडून सांडला होता.
सांगणार होतो,
पण तू तोवर त्याला नाव देऊन बसली होतीस."

ओर्व्हिनचं मी काही बोलले नाही.
चारशे पानं आहेत अजून त्याची.
"किटली ओरडतेय," तो म्हणाला, "थांब, आलोच."
फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.
मग नळ. मग कपाटाचं दार,
जे अजूनही नीट लागत नाही.