सही जुळत नाही

पाची बोटं सारखी नसतात,
हे आमच्या तक्त्याला पक्कं ठाऊक आहे.
अंगठ्याचे सगळ्यात जास्त,
करंगळीचे इतके थोडे
की आकडा टाइप करताना लाज वाटते.

हॅलिफॅक्स, तिसरा मजला, भरपाई खातं.
शुक्रवारी चारच्या आत गेलं नाही
तर पैसे सोमवारवर,
आणि या सोमवारी सुट्टी.

लेआंद्र कोमो, मुक्काम मेटेगन.
मासे कापायचं यंत्र. उजवा हात. तीन बोटं.
आठवडे गुणिले पगार,
बेरीज दोनदा केली, हातचा धरून.
हातचा.
इतक्या वर्षांत हा शब्द आज ऐकू आला.

पडद्यावर लाल पट्टी: सही जुळत नाही.
जुनी सही ऐटदार,
शेवटचं अक्षर जाळं फेकल्यासारखं.
नवी पहिलीतल्या पोराची,
रेघ सोडून खाली घसरलेली.
नियम सांगतो, परत पाठवा,
ओळखपत्र मागवा, सहा आठवडे.

लिफाफ्याच्या पाठीवर
मी डाव्या हाताने माझं नाव लिहून पाहिलं.
ती बाई मी नव्हते.

तीन बावन्न.
शेऱ्याच्या चौकटीत लिहिलं:
सही दावेदाराचीच. दुखापत कुठे झाली ते वाचा.
आणि बटण दाबलं.

गुरुवारी त्याचा फोन.
पैशांबद्दल अवाक्षर नाही.
नवी सही नोंदवायची कुठे, एवढंच.
मी म्हटलं, आहे ना आमच्याकडे, हीच ठेवते.

नको, म्हणाला,
ही धरू नका.
अजून सुधारतेय.