नावात रेघ हवी

नियम असा, की नावात एक आडवी रेघ हवी.
पहिलं अक्षर त्यांच्या लिपीतलं, तेही बारकं,
मग रेघ, मग तुमचं काय ते.
मी लिहिलं: एक्स-पाटी.
पाटी चक्क देवनागरीत. चाललं.
मे महिना, अशोक चौक,
टॉवेलच्या गोदामावरची पत्र्याची खोली,
पंख्याचं वारं तव्यावरून आल्यासारखं,
आणि मी एकटीनंच टाळ्या वाजवल्या.

आधी धडा एकीकडे, कोड लिहायचं दुसरीकडे,
मधे खातं उघडा, पासवर्ड आठवा,
तिथंच पोरं गळायची.
शेंगाचटणी आपल्याच ताटात वाढतात,
शेजारच्या घरी नाही.
म्हणून धड्याच्या पोटातच लिहायची जागा:
परिच्छेद, पाटी, परिच्छेद, पाटी.

पाटी लगेच दिसली नाही.
अनोळखी टॅगला ब्राउझर हाकलत नाही,
लाल अक्षरांत ओरडत नाही,
बसू देतो. रुंदी शून्य, उंची शून्य.
कुणीतरी नाव नोंदवेपर्यंत ते तिथंच असतं, कोरं.
मला माझी पहिली आठवली.
घरी तेलुगू, बाईंची मराठी.
हजेरीत मी होते. एवढंच.

मग नोंदणीची ओळ लिहिली
आणि सातही पाट्या एकदम उजळल्या,
डावीकडं ओळींचे आकडे,
लुकलुकणारी उभी काडी.

आत तिला वेगळी खोली असते.
बाहेरच्या पानाचे नियम उंबऱ्याशी थांबतात,
अक्षराचं वळण तेवढं वारशानं उतरतं.
(माझे नाना जेकॉर्डचे पत्ते ठोकायचे, मोराच्या चादरीचे.
म्हणजे संगणकच की तो, असं लोक म्हणतात,
सत्कारात ऐकायला बरं वाटतं.
मागाच्या खडखडाटानं नानांचे कान गेले,
ते कुणी म्हणत नाही.)

जोडाक्षरावर काडी अडखळायची.
क्ष पुसायला जावं तर पाय मोडलेला क उरायचा.
दोन रविवार त्यात गेले.

जूनमध्ये भूदेवी कोंगारी आली, विडी घरकुलातून.
आईचा फोन, काचेला तडा,
तडा नेमका पाटीवरून जाणारा.
तिसरा धडा वजाबाकीचा. उदाहरण माझं, आंब्यांचं.
तिनं आंबे पुसले.
लिहिलं:
विड्या = 1000
छाट = 60
विड्या - छाट
आणि 'चालव' दाबलं. 940.
मग खाली वार मांडत गेली.
सोमवारी साठ. मंगळवारी साठ.
पान ओलं होतं त्या दिवशी साठ,
आईला ताप होता, मावशीनं वळल्या, तरी साठ.
"बाई, खराब विडी रोज मोजून साठच कशी निघते?"

मी म्हटलं, पुढचा धडा उघड.

पुढचा धडा उघडला की मागची पाटी पानातून निघते,
आणि निघताना काय करायचं
ते मी लिहिलंच नव्हतं.
तिचे सगळे वार गेले.
ती रडली बिडली नाही.
मीच पाणी प्यायला खाली गेले,
नळाला पाणी यायचा दिवस नव्हता.

रात्री बसून लिहिलं: निघताना मजकूर जपून ठेव,
परत आलीस की जिथल्या तिथं मांड.
अकराच ओळी. आधीच सुचायला हव्या होत्या.
लिहिताना बोट सारखं त्या एका कळीवर जात होतं.
माझ्या नावात ती रेघ जोडते,
भूदेवीच्या ओळीत वजा करते,
कळ एकच. तिच्यावरचा रंग उडालाय.

सकाळी ती दारात,
विडीच्या लेबलांच्या पाठीवर
सगळे वार पुन्हा लिहून आणलेले,
आणि सोबत शेजारच्या चार घरांचे.
"ह्यांची पण साठच," म्हणाली,
आणि तड्याच्या डावीकडून टाइप करायला लागली.

चौथा धडा अजून आंब्यांचाच आहे.
बदलायचाय.